पिवळ्या मथळ्यांचा पुलित्झर

फोन उघडा आणि कुठलंही न्यूज अ‍ॅप पाहा. अमक्या अभिनेत्रीने असं काही केलं की सगळे बघतच राहिले. तमक्या शहरात नेमकं घडलं काय, वाचून हादराल. अमका खेळाडू निवृत्त होणार? तुम्ही क्लिक करता, चार जाहिराती ओलांडता, आणि आत कळतं की अभिनेत्रीने केस कापलेत आणि खेळाडूने निवृत्तीबद्दल अवाक्षरही काढलेलं नाही. या प्रकाराला आपण क्लिकबेट म्हणतो आणि तो इंटरनेटने आणला असं मानून मोकळे होतो.

पण हा खेळ चांगला सव्वाशे वर्षांहून जुना आहे. गंमत म्हणजे तो खेळणाऱ्यांत जो सगळ्यात पुढे होता, त्याच्याच नावाने आज पत्रकारितेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार दिला जातो. जोसेफ पुलित्झर. पुरस्कार तुम्हाला माहीत असेल. माणूस माहीत आहे का?

खिशात दमडी नाही, डोळे अधू

जोसेफचा जन्म १० एप्रिल १८४७चा, हंगेरीतल्या माको गावातला. घर ज्यू, वडील धान्याचे व्यापारी. पुढे कुटुंब पेस्ट शहरात आलं, पण जोसेफ अकरा वर्षांचा असताना वडील गेले आणि धंदा बुडाला. सतराव्या वर्षी त्याला सैनिक व्हायचं होतं. युरोपातल्या एकामागून एक सैन्यांनी त्याला नाकारलं. शरीर काटकुळं आणि नजर कमजोर. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि तिकडच्या सैन्याला माणसं हवी होती. त्यांचे एजंट युरोपात फिरत होते. त्यांनी याला घेतलं. १८६४ साली तो बोस्टनला उतरला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं.

युद्ध संपलं आणि तो रस्त्यावर आला. सेंट लुईस शहरात जर्मन बोलणारे खूप, तिथे आपलं निभावेल म्हणून तिकडे गेला. खेचरं सांभाळली, वेटरची कामं केली, मिळेल ते केलं. उरलेला वेळ शहरातल्या मर्कंटाइल लायब्ररीत. तिथेच तो इंग्रजी शिकला आणि कायदा वाचला.

याच दिवसांतला एक किस्सा चरित्रकार सांगतात. लुईझियानात उसाच्या मळ्यावर चांगली नोकरी देतो म्हणून एका एजंटने बऱ्याच तरुणांकडून पाच-पाच डॉलर घेतले. बोटीत बसवलं, शहरापासून लांब किनाऱ्यावर उतरवलं आणि बोट निघून गेली. नोकरीही नाही आणि मळाही नाही. पोरं पायपीट करत परत आली. त्यांत जोसेफ होता. त्याने ही फसवणूक लिहून काढली आणि शहरातल्या जर्मन दैनिकाने, वेस्टलिश पोस्टने ती छापली. ही त्याची पहिली बातमी. आकर्षक शब्दांना भुलून माणूस कसा फसतो, याची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाविसाव्या वर्षी आमदार

लायब्ररीत बुद्धिबळ खेळताना त्याची ओळख त्या दैनिकाच्या संपादकांशी झाली आणि १८६८ साली तिथेच त्याला बातमीदाराची नोकरी मिळाली. पठ्ठ्याने इतकं राबून काम केलं की पुढच्याच वर्षी तो मिसुरी राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. वय बावीस, म्हणजे पदवी हातात घेऊन आपण इंटर्नशिप शोधत असतो त्या वयात! खरं तर कायद्याने लागणारं वयसुद्धा पूर्ण नव्हतं, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

डोकं मात्र गरम. सरकारी बांधकामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने टीका केली, त्यावरून एका कंत्राटदाराशी वाद झाला आणि १८७०च्या जानेवारीत जोसेफने थेट पिस्तूल काढलं. गोळी त्या माणसाच्या पायाला लागली. दंडावर निभावलं. पुलित्झरला संत म्हणून फ्रेम करायचा मोह होत असेल, तर हा प्रसंग आठवा.

१८७८ साली सेंट लुईस डिस्पॅच हे बुडीत निघालेलं दैनिक लिलावात आलं. पुलित्झरने ते अडीच हजार डॉलरला घेतलं आणि काही दिवसांत पोस्ट नावाच्या दुसऱ्या दैनिकात मिसळलं. या पेपरने शहरातल्या बड्या लोकांनी कर भरताना आपली मालमत्ता किती दाखवली, ते सरळ छापून टाकलं. हवेल्या केवढ्या आणि आकडे केवढे, हे लोकांनी बघितलं आणि पेपर उचलला.

दोन सेंटचा पेपर आणि ओरडणारा मथळा

मग १८८३. पुलित्झर न्यूयॉर्कला आला आणि जे गोल्ड या रेल्वेसम्राटाकडून त्याने द वर्ल्ड हे दैनिक घेतलं. किंमत ३,४६,००० डॉलर, हप्त्यांनी. पेपर दरवर्षी तोट्यात, खप पंधरा हजारांच्या आसपास.

आता इथे थोडं अर्थशास्त्र समजून घ्या, कारण क्लिकबेटचं मूळ इथेच आहे. आपल्या घरी पेपर महिन्याच्या बिलावर येतो. एखाद्या दिवशी मथळा फिका असला म्हणून आपण पेपर बंद करत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र या स्वस्त पेपरांचा मोठा खप रस्त्यावर होता. पेपर विकणारी पोरं चौकात उभी राहून मथळा ओरडायची. ऐकणाऱ्याचे पाय थांबले तर दोन सेंट मिळायचे, नाही तर नाही. बाजूच्या पोराच्या हातात दुसरा पेपर असायचाच. म्हणजे प्रत्येक प्रत दर दिवशी, दर मिनिटाला नव्याने विकायची. तुमच्या फोनवर प्रत्येक बातमीला क्लिक मिळवावी लागते, अगदी तसंच.

पुलित्झरला हे नेमकं कळलं. त्याच्या शहरात लाखो स्थलांतरित होते. त्याच्यासारखेच, तोडकंमोडकं इंग्रजी येणारे, दिवसभर राबणारे. त्यांच्यासाठी त्याने छोटी वाक्यं, सोपे शब्द, भरपूर चित्रं आणि अंगावर येणारे मथळे आणले. नव्याकोऱ्या ब्रुकलिन पुलावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसं मेली, तेव्हा वर्ल्डच्या मथळ्याने पुलाचा रक्ताने बाप्तिस्मा झाल्याचं सांगितलं. त्याच उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली आणि गरिबांच्या कोंदट चाळींत तान्ही मुलं पटापट दगावली. वर्ल्डने मथळा दिला तो या अर्थाचा, की बाळं भाजली कशी जातात. दुसऱ्या मथळ्यात छोट्या छोट्या शववाहिन्यांची रांग होती.

वाचून अंगावर काटा येतो ना? तेव्हाच्या सभ्य संपादकांनाही आला. त्यांनी नाकं मुरडली. पण थांबा आणि मथळ्याखाली काय होतं ते बघा. खाली खऱ्या इमारती होत्या, खिडकी नसलेल्या खऱ्या खोल्या होत्या, खरोखर मेलेली मुलं होती. सभ्य पेपरांनी ती मुलं पाहिलीच नव्हती. मथळा भडक होता, पण त्याने जे कबूल केलं ते बातमीत होतं.

वर्ल्डची पहिली वर्षं अशीच आहेत. १८८५मध्ये स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सहून यायच्या बेतात होता आणि तो उभा करायला चौथरा नव्हता, कारण पैसे कमी पडले होते. श्रीमंत हात आखडून बसलेले. पुलित्झरने वाचकांना साद घातली आणि सांगितलं की कितीही छोटी रक्कम द्या, तुमचं नाव पेपरात छापू. पोरांनी खाऊचे पैसे पाठवले. पाच महिन्यांत लाखाहून जास्त माणसांनी मिळून एक लाख डॉलर जमवले आणि त्यातल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी दिलं होतं. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग.

१८८७मध्ये नेली ब्लाय नावाची २३ वर्षांची बातमीदार वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. दहा दिवस आत राहिली आणि बाहेर येऊन तिने तिथल्या छळाबद्दल वर्ल्डमध्ये लिहिलं. चौकशी बसली, रुग्णांसाठीचा निधी वाढला. दोन वर्षांनी हीच नेली वर्ल्डसाठी ७२ दिवसांत जगाला फेरी मारून आली. ती नेमक्या किती वेळात परतेल, हे ओळखायची स्पर्धा पेपरने लावली आणि वाचकांनी लाखो कुपनं भरून पाठवली. पहिलं काम शोधपत्रकारितेचं, दुसरं निव्वळ तमाशाचं. पेपर एकच, बातमीदारही तीच. खप अडीच लाखांच्या पुढे गेला.

उंच इमारत, अंधारलेला मालक

१८९०च्या डिसेंबरमध्ये वर्ल्डची नवी इमारत उघडली. ३०९ फूट उंच, वर सोनेरी घुमट, न्यूयॉर्कमधली तेव्हाची सगळ्यात उंच. उद्घाटनाला मालक नव्हता. पुलित्झरची नजर जवळजवळ गेली होती. शिवाय त्याला आवाज सहन होईनासा झाला होता. कागद चुरगळल्याचा, चमचा ताटाला लागल्याचा आवाजही त्रास द्यायचा. ज्याने अमेरिकेच्या पेपरांना ओरडायला शिकवलं, तो माणूस उरलेलं आयुष्य आवाजबंद खोल्यांत आणि बोटीवर काढत होता. सेक्रेटरी पेपर वाचून दाखवायचे आणि हा तारा पाठवून, सांकेतिक शब्दांत, दुरून कारभार चालवायचा.

आणि अशात विल्यम रँडॉल्फ हर्स्ट आला. खाणमालकाचा मुलगा, पैसा अमाप. १८९५ साली त्याने न्यूयॉर्क जर्नल घेतलं आणि पुलित्झरचाच फॉर्म्युला उचलला. पेपर एका सेंटला विकला. वर्ल्डच्या रविवार पुरवणीचा अख्खा स्टाफ दुप्पट-तिप्पट पगाराचं आमिष दाखवून पळवला. वर्ल्डमध्ये पिवळा झगा घातलेल्या एका टकल्या पोराचं व्यंगचित्र लोकप्रिय होतं. हर्स्टने त्याचा चित्रकारही नेला. पुलित्झरने दुसरा चित्रकार बसवला आणि काही काळ शहरात दोन पेपरांत दोन पिवळी पोरं नांदली. या पिवळ्या पोरावरूनच त्या भडक पेपरांना नाव पडलं. परीक्षेत आपण पाच मार्कांसाठी लिहितो ती पीत पत्रकारिता ती हीच.

आता मथळे एकमेकांना बघून ठरू लागले. खाली काय आहे यापेक्षा समोरच्याने वर काय टाकलंय, हे महत्त्वाचं झालं. १८९८मध्ये जर्नलने रेफ्लिप डब्ल्यू. थेनुझ नावाचा एक ऑस्ट्रियन कर्नल मेल्याची बातमी छापली. दुसऱ्या दिवशी वर्ल्डमध्येही तो कर्नल मेला. मग जर्नलने हसत हसत खुलासा केला की असा कुणी माणूसच नाही. नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून वाचा, आम्ही बातम्या चोरतो असा अर्थ निघतो. कॉपी-पेस्ट पकडली गेली! पण या विनोदाची दुसरी बाजू बघा. वर्ल्ड चोरी करताना सापडलं हे खरं, पण ते पकडण्यासाठी जर्नलने आपल्याच वाचकांना खोटी बातमी विकली होती.

एक प्रश्नचिन्ह

त्याच वर्षी जे झालं त्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि तिथे बंड चालू होतं. १५ फेब्रुवारी १८९८च्या रात्री हवाना बंदरात उभी असलेली अमेरिकेची युद्धनौका मेन स्फोटाने फुटली. अडीचशेहून जास्त नौसैनिक मेले. स्फोट कशाने झाला हे कुणालाही माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारीला जर्नलने बेधडक सांगून टाकलं की हे शत्रूचं काम आहे, आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. वर्ल्डने काय केलं? पानभर मथळा दिला, त्यात बॉम्ब की टॉर्पेडो असं विचारलं आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकलं. त्याखाली, लहान अक्षरांत, जहाजाचा कॅप्टन आणि तिथला अमेरिकन अधिकारी यांना खात्री नाही, हेही लिहिलं.

हा मथळा नीट बघा, कारण आज तुम्ही असे दहा मथळे रोज बघता. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच खोटं नाही. पेपर फक्त विचारतोय. पण प्रश्नात पर्याय दोनच आहेत, बॉम्ब किंवा टॉर्पेडो. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं, हे गृहीतच धरलंय. जहाजाच्या पोटातच काही पेटलं असेल, ही शक्यता मथळ्यात नाहीच. चौकात ओरडणाऱ्या पोराच्या तोंडी प्रश्नचिन्ह ऐकू येत नाही आणि लहान अक्षरांतला संशय तर अजिबात नाही. कानावर पडतो तो बॉम्ब.

एप्रिलमध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध सुरू झालं. १९७६ साली अमेरिकन नौदलाच्या अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी हा सगळा अभ्यास पुन्हा केला. त्यांचा निष्कर्ष असा की स्फोट बहुधा जहाजाच्या आतूनच झाला. कोळशाच्या कोठीत आग लागली आणि ती शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोचली. म्हणजे वर्ल्डने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा दोन्हीपैकी एकही नाही, असं होतं.

पेपरांनी युद्ध पेटवलं, असं अनेकदा सांगितलं जातं. इतिहासाचे अभ्यासक ते इतकं सरळ मानत नाहीत. क्युबातला छळ खरा होता आणि अमेरिकेचं राजकारण आधीच तापलेलं होतं. तुम्ही चित्रं द्या, युद्ध मी देतो, अशा अर्थाची हर्स्टची प्रसिद्ध तार तर कुणाला सापडलेलीच नाही. थोडक्यात, पेपरवाल्यांनी युद्ध घडवलं हासुद्धा एक चटपटीत मथळाच आहे. पण सत्य कळायच्या आधी लोकांचं मत बनवून टाकण्याचं काम त्या पानांनी केलं, एवढं नक्की.

आणि पुलित्झर? मेन फुटण्याच्या दीड महिना आधी, १८९७च्या शेवटच्या दिवशी, त्याची सतरा वर्षांची मुलगी ल्युसिल विषमज्वराने गेली होती. तो खचलेला होता आणि पानं दुसऱ्यांच्या हातात होती. पण हे कारण देऊन त्याला सोडता येणार नाही. पेपर त्याचा होता आणि कशाने खप वाढतो हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

पोरं संपावर गेली

युद्धात पेपर धडाधड खपत होते, म्हणून वर्ल्ड आणि जर्नलने विक्रेत्या पोरांसाठी शंभर प्रतींचा भाव ५० सेंटवरून ६० सेंट केला. युद्ध संपलं, सनसनाटी ओसरली, खप उतरला. बाकीच्या पेपरांनी भाव खाली आणले, या दोघांनी नाही. १८९९च्या जुलैमध्ये पेपर विकणारी हजारो पोरं संपावर गेली. दोन बलाढ्य मालक, समोर अनवाणी पोरं. दोन आठवड्यांनी तडजोड झाली. भाव तोच राहिला, पण न विकलेल्या प्रती परत घ्यायचं मालकांना कबूल करावं लागलं. तोवर फसव्या मथळ्याचा धोका पोरांच्या माथी होता. लोकांनी पाठ फिरवली तर नुकसान त्यांचं.

मग सोन्याचं पदक कुठून आलं?

युद्धानंतर पुलित्झरने वर्ल्डचा आवाज खाली आणला. पेपर पुन्हा खोदकामाकडे वळला. १९०८मध्ये पनामा कालव्याच्या व्यवहारातले चार कोटी डॉलर नेमके कुणाकडे गेले, असा प्रश्न वर्ल्डने विचारला. प्रश्न इथेही होता, पण त्यामागे तपास होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इतके भडकले की सरकारने अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. आंधळा, आजारी पुलित्झर मागे हटला नाही. १९११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वर्ल्डच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला चार्ल्सटन बंदरात, आपल्या बोटीवर तो वारला.

मृत्युपत्रात त्याने कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर ठेवले होते, पत्रकारितेच्या शाळेसाठी आणि पुरस्कारांसाठी. शाळा १९१२ला सुरू झाली, पहिले पुरस्कार १९१७ला दिले गेले. आता म्हणाल, पापाचं प्रायश्चित्त. तसं नाही. शाळेचा प्रस्ताव त्याने १८९२मध्येच मांडला होता, मेनच्या सहा वर्षं आधी, आणि तेव्हा विद्यापीठाने तो नाकारला होता. बातमीदाराचं काम शिकवता येतं आणि शिकवलंच पाहिजे, हे त्याला आधीपासून पटलेलं होतं. अचूकपणाचे फलक त्याच्या न्यूजरूमच्या भिंतींवर होते. त्याच भिंतींच्या आत बॉम्ब की टॉर्पेडो तयार झालं. काय बरोबर ते माहीत असलेला माणूससुद्धा शेजारच्याचा खप बघून कसा घसरतो, ते यातून दिसतं. माझ्यासारखे जे मास कम्युनिकेशन करून या धंद्यात येतायत, त्यांना घाबरवणारी गोष्ट ही आहे.

तेव्हा मथळा भडक आहे म्हणून नाक मुरडू नका. बाळं भाजली जातात हा मथळा भडकच होता आणि तो छापला गेला हे बरंच झालं. मथळा म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. तो आत पाळलाय का, एवढंच तपासा. पुढच्या वेळी स्क्रीनवर प्रश्नचिन्हवाला मथळा आला की ते प्रश्नचिन्ह मनातल्या मनात पुसा आणि वाक्य पुन्हा वाचा. मग बातमीतलं कोण हे वाक्य ठामपणे म्हणतंय ते शोधा. कुणीच म्हणत नसेल, तर तुमच्या हातात पाच डॉलरची पावती आहे आणि बोट निघून गेलीय.

न्यूयॉर्कच्या पोरांनी भांडून न विकलेला पेपर परत करायचा हक्क मिळवला. आपल्याला तेवढीही सोय नाही. क्लिक एकदा दिली की परत मिळत नाही.